मॅडमचा फोन

प्रश्न तसा काहीच नव्हता. सत्र आटोपलं होतं, पोरी हजेरीपटावर सह्या करायला उठायच्या बेतात होत्या, आणि पडद्यावर शेवटचं पान अजून तसंच उजळलेलं होतं: 'तक्रार कोणाकडे करावी?' खाली चारुशीलाचं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतली चंदा उभी राहिली. तेल्हाऱ्याकडची, उंच, काटक पोरगी. सहा महिन्यांत वर्गात चारदासुद्धा बोलली नसेल. "मॅडम," ती म्हणाली, "सर्टिफिकिटावर सहीले दुसरं कोनी नाई का?" शेजारच्या शकुननं तिची ओढणी खसकन खाली ओढली. चारुशीलानं ते पाहिलं आणि पोरीपोरींचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. "सही उत्तमराव सरांचीच असते बाळा," ती हसून म्हणाली, "पण तू उगाच हेलपाटा घालू नकोस. मी फोन करून ठेवते त्यांना." झालं, एवढंच. यात वावगं ते काय? पण शकुन खिडकीबाहेर बघायला लागली, मागच्या दोघींनी पायांत चपला चढवल्या. चंदा खाली बसली आणि हातातली कागदाची गुंडाळी दोन्ही मुठींत धरून राहिली.

फोन तिनं व्हरांड्यातूनच केला. बाई कामाला चोख. तोंडातून निघालेलं काम ती तिथल्या तिथे उरकायची, म्हणूनच तर संस्थेत बावीस वर्षं तिच्या शब्दाला वजन होतं. "पाठवा ना ताई तिले, आजच पाठवा," प्रशिक्षण प्रमुख उत्तमराव म्हणाले, "चार वाजता. हापिसातच हावो मी. शुक्रवारी कोनाची गर्दी नसते, निवांत काम होते." चारुशीलानं परत वर्गात डोकावून सांगितलं, "चंदा, चार वाजता जा हं, सर थांबतायत." मग अकोल्याच्या स्टँडवर येऊन तिनं अमरावतीची सव्वाची गाडी पकडली, खिडकीची जागा धरली, पर्समधली शिल्लक कोऱ्या तक्रार-फॉर्मांची चळत नीट लावली आणि डबा उघडला. पोळीभाजी खाताना मनात समाधान होतं. लैंगिक शोषण प्रतिबंधाचं वार्षिक सत्र पार पडलं, फोटो निघाले, सह्या झाल्या. आता संध्याकाळी घरून पैसा पुरवणाऱ्या दिल्लीच्या संस्थेला महिन्याचा अहवाल पाठवायचा. प्राप्त तक्रारी: निरंक. तक्रार नसली तरी 'निरंक' असं लिहून पाठवावंच लागतं. अकरा वर्षं दर महिन्याला ती ते लिहीत आली होती, आणि खरं सांगायचं तर तो शब्द लिहिताना तिला घर झाडून झाल्यासारखं वाटायचं.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि घास तोंडातच राहिला. कंडक्टर कुणाशी तरी हुज्जत घालत होता, बाहेर तूर काढून झालेली काळी शेतं उन्हात पडली होती, आणि तिच्याच आवाजात तेच वाक्य कानात परत वाजलं: मी फोन करून ठेवते त्यांना. हे वाक्य तिनं आधी म्हटलेलं होतं. असंच, शब्दाला शब्द. कधी? कुणाला? गाडी खड्ड्यातून गेली, डब्याचं झाकण घरंगळत सीटखाली गेलं, ते काढायला ती वाकली आणि वाकलेली असतानाच तिला प्रणाली आठवली. अमरावतीच्या ऑफिसात, कपाटाला टेकून उभी, टेबलाच्या कडेची सुटलेली सनमायका नखानं उचकटत. तीही तेल्हाऱ्याचीच. तीन वर्षं झाली. चारुशीला तेव्हा नेमका तो अहवालच भरत होती. "मॅडम, सहीले दुसरं कोनी नाई का?" प्रणालीनं विचारलं होतं, आणि हिनं मान वर न करता म्हटलं होतं, "उत्तमराव सरांचीच असते ग. थांब, मी फोन करून ठेवते, म्हणजे तुझा हेलपाटा वाचेल." पोरगी तरीही हलली नव्हती. बराच वेळ. इतका वेळ की शेवटी चारुशीलानं वैतागून विचारलं होतं, "अजून काही?" आणि प्रणाली म्हणाली होती, "नाई, काही नाई." त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं: पोरी बिचाऱ्या इतक्या लांबून येतात हो, आपण एक फोन केला तर काय बिघडतं. कमलाकांतांनी वरणाची वाटी पुढे करत मान डोलावली होती.

छे, असं कसं असेल? तिनं झाकण पदरानं पुसलं, परत पुसलं. उत्तमराव! माणूस कसा आहे ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. शेतकऱ्याच्या ओसरीत मांडी घालून बसायचे, बिनदुधाचा चहा आवडीनं प्यायचे आणि बापाला सांगायचे, "भाऊ, पोरगी माही समजा. सहा महिने हॉस्टेलात ठेवतो, रुग्णसेवेचं शिकवतो, पुण्या-नागपुरात दवाखान्यात लावून देतो." त्यांच्या एका शब्दावर ज्यांनी पोरींना कधी कौंडण्यपूरच्या जत्रेला एकटं सोडलं नाही, त्यांनी पेट्या बांधून अकोल्याला पाठवल्या. कमलाकांतांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा आपल्या जीपमध्ये घालून त्यांना नागपूरला नेलं ते उत्तमरावांनी. तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपले. दर राखीला ती त्यांना ओवाळते. अशा माणसाबद्दल हे मनात तरी कसं आलं? दोन पोरींनी एकच प्रश्न विचारला, एवढाच ना पुरावा? वकिलाची बायको होती ती. समोरच्याची बाजू लढवायची सवय घरातच लागलेली. पण मन मोठं द्वाड. तिनं एक चिंधी दडपली की ते दुसरी ओढून पुढे टाकी. सर्टिफिकेट छापून झालं की संस्था ते मुलीच्या हातात बिनसहीचं देते आणि मुलीनं जातीनं सरांकडे जाऊन सही घ्यायची, ही पद्धत कुणी पाडली? उत्तमरावांनी. शिस्त लागते म्हणाले, चार शब्द सांगता येतात म्हणाले. आणि तक्रारपेटी त्यांच्याच दाराशेजारी का टांगली? तिथे आधीपासून खिळा होता म्हणून. चारुशीलानंच तसं सांगितलं होतं. भिंतीला नवं भोक कशाला उगाच पाडायचं!

आणि मग ती गोष्ट आली, जी ती बोरगावपासून मागे सारत होती. नियमांच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, पान सतरा, तिला पाठ होतं, कारण मराठी भाषांतर तिनंच केलेलं: प्रमाणपत्रावर प्रशिक्षण प्रमुख किंवा अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षा, दोघांपैकी कोणाचीही सही चालेल. समितीची अध्यक्षा कोण? चारुशीला. पहिल्या वर्षी सह्यांचा विषय निघाला तेव्हा तिनंच तर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "पोरी गावोगाव फिरून आणल्या उत्तमरावांनी. सहीचा मान त्यांचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्याकडे मान दिला की दिला. तो परत मागायचा नसतो, त्याच्या आड यायचं नसतं. अकरा वर्षांत तिनं एकाही सर्टिफिकेटावर पेन टेकवलं नाही. पुस्तिकेतला तो 'किंवा' तीसुद्धा विसरून गेली होती. सहीले दुसरं कोनी नाई का? होतं ना. समोर उभं होतं, माइक हातात धरून.

प्रणालीचं सर्टिफिकेट चारुशीलाच्याच कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, निळ्या फायलीत. सही झालेलं. सही झाली त्या दिवशी पोरीनं ते तिथेच टाकलं आणि ती निघून गेली. उत्तमरावांनीच नंतर ते अमरावतीला पाठवून दिलं, 'विसरून गेली येडी' म्हणून. दर दिवाळीला कपाट आवरताना ते हाती लागे आणि चारुशीला दरवेळी चिडे: सहा महिने शिकायचं आणि कागद न्यायचंसुद्धा भान नाही, या मुलींना कशाची किंमतच नसते. त्याच आठवड्यात प्रणालीच्या आईचा, वच्छलाबाईंचा फोन आला होता. बाई शेजारणीच्या फोनवरून बोलत होत्या, मागे बकरी ओरडत होती. "मॅडम, पोरगी बोलूनच नाई राह्यली. जेवत नाई, धड झोपत नाई. काय झालं वो तिले तिथं?" चारुशीलानं त्यांना समजावलं होतं. समजावण्यात ती पटाईत. परीक्षेचा ताण असतो वच्छलाबाई, मोठं गाव पाहिलं की मुली बावरतात, नोकरीला लागली की आपोआप खुलेल. वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "तुमी म्हनता तं तसंच असंन." नोकरीला लागलीच नाही. महिन्याच्या आत दर्यापूरकडे देऊन टाकली. लग्नाची पत्रिका आली होती. चारुशीलानं आहेर पाठवला होता, स्टीलचा डबा. आई गं! स्टीलचा डबा पाठवला होता तिनं.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तशी ती उठली, पर्स घेतली, डबा सीटवरच राहिला, आणि गर्दीतून वाट काढत खाली उतरली. सव्वादोन. ऊन डोक्यावर. चंदाला फोन करावा म्हणून तिनं मोबाइल काढला आणि लक्षात आलं की चंदाचा नंबर तिच्याकडे नाही. एकीचाही नाही. तिचा नंबर सगळ्या पोरींकडे होता, पडद्यावर, भिंतीवर, पुस्तिकेवर. पोरींचा नंबर घ्यावा असं कधी सुचलंच नव्हतं. मग उत्तमराव. नावावर अंगठा टेकला. काय म्हणायचं? भेटू नका तिला? का म्हणून? एक घंटी गेली आणि तिनं झटक्यात फोन तोडला. लगेच उलट फोन. "बोला ताई, मिसकॉल देल्ला?" तोच आवाज, राखीच्या दिवशी 'ताई, पेढा आनखी एक' म्हणणारा. "चुकून लागला हो," ती म्हणाली. चुकून लागला! फलाटावरच्या बाकावर बसून तिनं स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या, लहानपणी ऐकलेल्या, तोंडातून कधी न काढलेल्या. इथे एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि बाईसाहेबांना अजून वाईटपणा घ्यायची लाज वाटते.

अकोल्याकडे जाणारी गाडी पावणेतीनला आली आणि अशी रखडत चालली की उतरून धावावंसं वाटत होतं. काटेपूर्णेच्या पुलावर मेंढरं आडवी आली. सव्वातीनला तिनं हॉस्टेलच्या बेबीताईंना फोन लावला. "चंदाला थांबवा, कुठे जाऊ देऊ नका." बेबीताई जांभई देत म्हणाल्या, "चंदा? थे तं गेली नं मॅडम. सगळ्याच गेल्या तीन वाजताच. पिच्चर-बिच्चरले गेल्या असतीन." सगळ्याच? असतील. तिला सत्रातली पानं आठवत राहिली. मदतीच्या बदल्यात काहीही मागणे हा गुन्हा आहे. चित्रात एक हात पुढे झालेला आणि दुसरा हात मागे घेतलेला. ती चित्रं तिनंच निवडली होती, रंग सौम्य असावेत म्हणून आग्रह धरला होता. आणि पुढचंही दिसायला लागलं, त्यापासूनही सुटका नव्हती: हे बाहेर आलं तर दिल्लीवाले आधी मदत थांबवतील, बाप पेट्या उचलायला येतील, बत्तीस पोरी बत्तीस गावांना परत जातील आणि वर्षाच्या आत मांडवात उभ्या राहतील. लोक म्हणतील, बाईंनी संस्था बुडवली. कमलाकांत म्हणतील, पुरावा काय? म्हणून गप्प बसायचं? म्हणूनच तर बसली होती. काही माहीत नव्हतं असं म्हणायला जीभ रेटेना. माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे खरं.

स्टँडवर उतरायला चार वाजून गेले. रिक्षावाल्याला तिनं इतकी घाई केली की तो मागे वळून म्हणाला, "बाई, कोनी शिरिअस हाय का?" ऑफिस एका बी-बियाण्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाजूच्या बोळातून अरुंद जिना. बोळात शिरताना तिला दिसल्या त्या चपला. जिन्याच्या तोंडाशी, एकीवर एक, तीसेक जोड असतील. आणि जिन्यावर पोरी. पायरीपायरीवर दोघी, तिघी, भिंतीला टेकून, कठड्याला धरून, खालपासून वरच्या बंद दारापर्यंत. कुणाच्या हातात मोबाइलसुद्धा नव्हता. नुसत्या बसल्या होत्या, दवाखान्यात आपल्या माणसासाठी बसतात तशा. चारुशीलाला पाहताच सगळ्या एकदम उठल्या आणि वाट द्यायच्या ऐवजी आणखी जवळ सरकल्या. मधल्या पायरीवर चंदा होती. तीच गुंडाळी हातात. ती दिसली तशी चारुशीला कठडा धरून खालच्या पायरीवर बसली.

"सर आत हायेत," शकुन म्हणाली. आवाजात आदर नव्हता, भीतीही नव्हती. "चंदा आत नाई गेली. आन जानारबी नाई एकटी."

"तुम्ही सगळ्या... कशा आलात इथे?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. सांगावं की नाही असं ते पाहणं होतं. शेवटी शकुनच बोलली. "तुमी फोन केला म्हनून आलो. आमाले मागच्या बॅचनं सांगून ठेवलं हाय, त्यायले त्यायच्या मागच्यायनं. प्रणालीताईनं जातानी हॉस्टेलात सांगतलं होतं म्हने. सहीचं मॅडमले इचारू नका, थ्या फोन करते. आन केलाच त्याईनं फोन, तं मंग पोरीले एकटी सोडू नका, सगळ्यायनं जा."

चारुशीलाला वाटलं होतं, आपल्याला काही कळत नव्हतं एवढाच आपला गुन्हा. तो पत्करायची तयारी ती मूर्तिजापूरपासून करत आली होती. हे वेगळंच होतं. तीन वर्षं या पोरी एकमेकींना सावध करत आल्या होत्या, आणि सावध करायच्या त्या तिच्यापासून. तिचा नंबर सगळ्यांकडे होता, पण तो लावायचा नाही हे त्यांनी पाठ केलं होतं. पडद्यावरच्या पानांतलं एकही अक्षर त्यांच्या कामी आलं नव्हतं. कामी आलं ते प्रणालीनं पेटी बांधता बांधता सांगितलेलं. आणि प्रणालीच्या वेळी या जिन्यावर कुणीच नव्हतं. तोंडावर पदर दाबून रडावं असं तिला वाटलं, पण रडायचा हक्क तिचा नव्हता, एवढं तिला या घटकेला कळत होतं.

"मग तू मला का विचारलंस?" तिनं चंदाला विचारलं. "तुला माहीत होतं ना?"

चंदानं खांदे उडवले. "शकुन म्हने, इचारू नको. पन मले वाटलं, येवढे चित्रंगित्रं दाखवून राह्यल्या, तं यावर्षी तुमी दुसरं काही म्हनसान."

बाजूच्या दुकानात कुणीतरी पोतं आपटलं. चारुशीलानं हात पुढे केला. चंदा लगेच द्यायला तयार नव्हती. शकुननं मान हलवली तेव्हा तिनं ती गुंडाळी दिली. चारुशीलानं ती गुडघ्यावर उलगडली. संस्थेचं नाव, शिक्का, चंदाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. खाली सहीची मोकळी रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरांत छापलेलं: प्रशिक्षण प्रमुख किंवा समिती अध्यक्षा. छापलेलंच होतं. दरवर्षी छापलं जात होतं. तिनं पर्समधून पेन काढलं, सही केली आणि कागद परत दिला. काही सेकंदांचं काम.

चंदा सहीकडे पाहत राहिली. मग शकुनला दाखवली, शकुननं वरच्या पायरीवरच्यांना. कागद हातोहात वर गेला, हातोहात खाली आला. "येवढंच होतं?" चंदानं विचारलं. ती रागावून म्हणाली असती तर सोसलं असतं. ती खरंच विचारत होती. "येवढंच होतं का मॅडम?"

"हो," चारुशीला म्हणाली. "एवढंच होतं."

वर कडी वाजली. दार उघडलं, पंख्याचा आवाज मोठा झाला, आणि कठड्यावरून उत्तमराव वाकले. आधी पोरी दिसल्या असाव्यात, कारण चेहरा आंबट झाला; मग खालची चारुशीला दिसली तसा तो परत गोड झाला. "अरे, ताई! तुमी कवा आल्या? वर या ना, चहा सांगतो. काय ह्या पोरी जिना अडवून बसल्या, चाला गं, सरका, ताईले येऊ द्या." एकही पोरगी सरकली नाही. पण त्यांचे डोळे आता सरांकडे नव्हते, तिच्याकडे होते, तीस-बत्तीस जणींचे, आणि त्यात आशाबिशा काही नव्हती. बाई आता काय करते, वर जाते की काय, एवढंच त्या पाहत होत्या.

"मी इथेच बसते," चारुशीला म्हणाली. तिनं पर्समधली कोऱ्या फॉर्मांची चळत काढली, वरचा एक सुटा केला. एका पोरीनं बसायला सोपं जावं म्हणून पाय आत घेतले. "ताई?" वरून आवाज आला, जरा बारीक झालेला. "कायचा कागद हाय थो?" तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात तिनं उत्तमरावांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत स्वतःचं लिहिलं. तक्रारदाराचं नाव विचारलं होतं तिथे पोरींच्या माना खाली गेल्या, आपलं नाव मागते की काय म्हणून. तिनं तिथेही स्वतःचंच घातलं. मग खालचा मोठा चौकोन आला: काय घडले ते आपल्या शब्दांत लिहा. चंदा पायऱ्या उतरून तिच्या खांद्यावरून वाचायला लागली. चारुशीलानं तिला वाचू दिलं आणि पहिली ओळ लिहिली: प्रणाली माझ्याकडे आली होती, आणि मी त्यांना फोन केला.